आत्याबाईंचा मालक ग्रुप

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये निघालेला व्यंकट सरांचा क्लास आता लातुरात तीन मजली झाला होता. मार्क, मेस, रजा, सगळं एकाच कॉम्प्युटरात. कुणी काय बघायचं, काय बदलायचं, त्याचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या नाझनीननं ग्रुप पाडले. मास्तर वेगळे, ऑफिस वेगळं, मेस वेगळी, विद्यार्थी वेगळे.

झालं. लग्नात मानपान चुकावा तसे सगळे रुसले. सगळ्यात जास्त रुसल्या मेस सांभाळणाऱ्या गुणाबाई, सरांच्या सख्ख्या आत्या.

“मला नुसतं भाजीपुरतंच व्हय रे? मी काय परकी हाय?”

सरांनी मान म्हणून त्यांना थेट मालक ग्रुपात बसवलं. ग्रुप बदलायचा हक्क आता दोघांनाच, सरांना आणि आत्याला. नाझनीनचा काढून घेतला. आत्यांनी पासवर्ड घेतला, पाठ केला आणि पुन्हा भाकरी थापायला गेल्या.

सरांचं तेवढ्यावर भागलं न्हाई. सगळीकडं आपलं नाव हवं म्हणून ते एकेका ग्रुपात शिरत सुटले आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपापाशी आले.

“सर, तिथं नका शिरू,” नाझनीन म्हणाली. “पोरांना फक्त बघता येतं, अर्ज करता येतो. बाकी मनाई. आणि एका ग्रुपात मनाई असली की दुसऱ्या ग्रुपाची परवानगी चालत न्हाई.”

“मालकाला कोण अडवतंय?” म्हणत सरांनी बटण दाबलं.

कॉम्प्युटरनं अडवलं. आता सरांना ना स्वतःचं नाव काढता येईना, ना कुणाची रजा मंजूर करता येईना.

नेमकी तेव्हाच नाझनीनची रजा मंजुरीला पडलेली. मुखेडला बहिणीचं, जिक्राचं लग्न. दुपारची एसटी. आणि मंजुरी दिसल्याशिवाय वॉचमन गेट उघडत नसे, हा सरांचाच नियम.

“सर, तोंडी सांगा की वॉचमनला.”

“नियम म्हंजे नियम. आधी मला ह्याच्यातून काढ.”

“माझा हक्क तुम्हीच काढलाय, सर.”

शेवटी आत्यांना बोलावणं गेलं. त्या पिठाच्या हातानं आल्या, एका बोटानं पासवर्ड टिपला.

“मावशी, इथं सरांचं नाव...” नाझनीन दाखवू लागली.

“थांब पोरी. आधी तुझं.” रजा मंजूर झाली.

सर खुर्ची ओढून जवळ सरकले. “आत्या, आता माझं.”

“तू विद्यार्थी दिसतूस इथं. अर्ज कर की रीतसर.”

“मालक हाय मी.”

“मी बी हाय.”

नाझनीन पिशवी घेऊन निघाली तेव्हा आत्या चुलीकडं परतल्या होत्या. सर अर्ज उघडून ‘कारण’ या रकान्यात लिहीत होते, खोडत होते.