मिनायोचा नकार

नांदी लोकांच्या डोंगरावरच्या मुलींच्या शाळेचं वसतिगृह जळालं तेव्हा पोरी सुदैवानं वर्गात होत्या. जीव वाचले, पण गाद्या, पेट्या, कपडे सगळ्याची राख झाली. दुपारी त्या पोरी चालत खाली उतरल्या आणि तिरिकी लोकांच्या मुलखातल्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे दोरिका बाईंनी, कुणालाही न विचारता जेवणघर उघडून दिलं आणि उगालीचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं, पातेलं चुलीवर चढवलं.

पण वर्ष संपेपर्यंत त्यांना ठेवून घ्यायचं तर एकेका खाटेवर दोघींना झोपावं लागणार होतं. ते एकट्या बाईंनी ठरवायचं नव्हतं; या पंथाच्या रीतीनं एकीचाही नकार असला तर काही ठरत नसे. सगळी शाळा प्रार्थनाघरात जमली. नेहमीप्रमाणे आधी सगळ्या गप्प बसल्या. मग ज्यांना बोलावंसं वाटलं त्या उठून बोलल्या. "राहू द्या त्यांना," एकीमागून एक म्हणत गेली. शेवटच्या वर्गातली मिनायो उठली.

"मी हो म्हणणार नाही," ती म्हणाली. "गेल्या साली त्यांच्या नांदी माणसांनी आमच्या तिरिकींच्या गाई पळवून नेल्या. माझ्या भावाच्या दंडात बाण घुसला. त्याचा हात अजून वर होत नाही. माझ्या खाटेवर त्यांच्यातली कुणी नको."

बाई म्हणाल्या, "मग आपलं अजून ठरलेलं नाही. पाहुण्या तोवर जेवणघरात राहतील. उद्या पुन्हा बसू."

गावाचा कारभार बघणारे सरकारी अंमलदार, चीफ लुसिगी, मागच्या बाकावर बसले होते. बाहेर येताच ते उसळले. "अहो बाई, एवढ्या पोरी हो म्हणतात नि एका चिमुरडीसाठी अडता? हात वर करायला लावा, मिनिटात निकाल!"

"निकाल लागेल हो. पण मिनायो आमच्यातून उठून जाईल, त्याचं काय?"

"तुमची शाळा आहे की लाडक्या लेकीचं माहेर?" चीफ पुटपुटत निघून गेले. बाईंच्या मनातही धाकधूक होतीच. पण मिनायोला वेगळं बोलावून समजवायचं नाही, हे त्यांनी स्वतःला बजावलं. पोरींनीही तिला टोचून बोलायचं टाळलं. तिच्याशेजारी बसून त्या नेहमीसारख्या जेवल्या.

दुसऱ्या दिवशी गावागावांतून लोक पाहुण्यांसाठी काहीबाही घेऊन आले. त्यांत मिनायोचा भाऊ किसियाही होता, धडक्या खांद्यावर केळ्यांचा घड घेऊन.

"दादा, तू? त्यांच्यासाठी?" मिनायो भडकली. "लाज नाही वाटत?"

किसियानं घड खाली टेकवला. "यांतल्या कुणी बाण मारला, दाखव. केळी परत नेतो."

मिनायोनं जेवणघराकडे पाहिलं. काजळी लागलेल्या गणवेशातल्या पोरी ओळीनं भांडी घासत होत्या. ती तरातरा निघून गेली.

त्या दिवशीच्या सभेत शांतता फार लांबली. शेवटी मिनायो उठली. "माझा राग गेलेला नाही," ती म्हणाली, "आणि गेला असं खोटं मी इथं सांगणार नाही. पण तो यांच्यावर काढायचा नाही. त्या राहू देत. एकच मागणं आहे. गाईंचं, बाणांचं जे झालं ते झाकायचं नाही. एकमेकींना विचारायचं, सांगायचं."

पाहुण्यांतली जेलिमो नावाची उंच मुलगी उठली. "आमचंही घर त्याच भांडणात पेटवलं होतं," ती म्हणाली. "मी सांगेन. मला कुणी विचारलंच नव्हतं."

बाईंनी सगळीकडे पाहिलं. कुणीच नाही म्हणत नव्हतं. "ठरलं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी चीफ चौकशीला आले तेव्हा व्हरांड्यात गादीवरून मिनायो आणि जेलिमोची जुंपली होती.

"सरक ना, जेलिमो! तुझे पाय आहेत की विजेचे खांब?"

"तू घोरतेस, ते आधी बघ!"

"बघा, भांडायला लागल्या," चीफ म्हणाले.

"एका खाटेवरून भांडतायत," दोरिका बाई म्हणाल्या. तीस वर्षं शिकवताना त्यांनी परीक्षांचे किती निकाल, स्पर्धांत जिंकलेल्या किती ढाली पाहिल्या होत्या. पण आज त्यांची मान जशी ताठ होती, तशी त्या ढालींनी कधी केली नव्हती. "चीफ, त्या मिनायोला बघा. ही आमची पोर."