मातीतलं रक्त

जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगरातल्या त्या गावात रविवारची प्रार्थना संपली, तरी घरी कोणी गेलं नाही. चर्चच्या अंगणात शाप उतरवणारे अमांडुस बुवा जांभळ्या पाण्याची सुरई आणि भरलेला पेला घेऊन उभे होते. त्यांनी गावच्या स्प्रूस या सूचीपर्णी झाडांच्या रानातली मूठभर माती पेल्यात ढवळली आणि पाणी लाल होत गेलं.

"रानाचं रक्त आहे हे," बुवा गहिवरून म्हणाले. मग पुटपुटत त्यांनी पांढरी भुकटी टाकली. पाणी निळं झालं. शाप उतरतो, पण तो देणारा चर्चच्या आवारात पुरलेला असेपर्यंत नाही, असं त्यांनी सांगितलं.

सगळ्या नजरा ओटिलीकडे वळल्या. साठ वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी, वनरक्षक फोल्कमारांनी, रुंद पानांच्या बीच झाडांचं जुनं रान तोडून स्प्रूसच्या रांगा लावल्या होत्या. पहिली झाडं सरळसोट वाढली, गाव त्यांच्यावर जगलं. ती तोडून त्याच जागी लावलेली रोपं मात्र पिवळी पडून खुरटत होती. म्हाताऱ्यानं मरताना रानाला शाप दिला, हे बुवांनीच पसरवलं होतं. आठवडाभर ओटिलीशी कोणी बोललं नव्हतं; पाववाल्यानं तिला पाहून दार लावून घेतलं होतं. गाव सोडावं, तर तिच्यामागे वडिलांची कबर उकरली जाणार. राहावं, तर हे असं.

"सही कर, ओटिली," गावप्रमुख कुंट्झ कागद पुढे करत म्हणाला. "कबर वेशीबाहेर हलवू, सगळे सुटू."

तिनं कागदाऐवजी पेला घेतला. वास ओळखीचा होता. लाल कोबी उकळल्याचा.

तिनं चर्चशेजारी राहणाऱ्या पाद्रीबाईंच्या स्वयंपाकघरातून व्हिनेगर आणि चुलीतली राख मागवली. बुवांची सुरई उचलून दोन पेले भरले. एकात व्हिनेगर टाकलं, पाणी लाल झालं. त्यातच राख टाकली, ते निळं झालं.

"कोबीचं पाणी आंबटानं लाल होतं, राखेनं निळं. माझ्या व्हिनेगरला कोणाचा शाप लागला, बुवा?" तिनं विचारलं. दुसऱ्या पेल्यात तिनं अंगणातल्या बीचच्या झाडाखालची माती घातली. रंग जेमतेम बदलला.

बुवा सुरईकडे हात नेत होते, कुंट्झनं ती बाजूला ठेवली. पाववाला हसत म्हणाला, "म्हणजे रानाच्या मातीत काही दोष नाही तर."

इथे गप्प बसली असती, तर ओटिली सुटली असती. तिनं खाली पाहिलं.

"आहे. माती खरंच आंबट झालीये. स्प्रूसची सुईसारखी पानं लवकर कुजत नाहीत. साठ वर्षं थरावर थर साचले, त्यांचा आंबटपणा मुरला, मातीतलं सत्त्व पावसाबरोबर वाहून गेलं. हे बाबांच्या हातून झालं, शापानं नाही, झाडं लावून. आणि त्या रांगा आपल्या सगळ्यांना हव्या होत्या. चुना टाका, मधेमधे बीच लावा. फळ बहुधा आपण बघणार नाही. पण मातीला भूत लागत नाही, भूक लागते. एवढं तरी डोळे उघडे ठेवून बघा."

कुंट्झनं कागद फाडला. कबर जागेवर राहिली. पण वडिलांची चूक चारचौघांत सांगून घरी जाताना, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, ओटिली त्या कबरीपाशी थांबली नाही.