वाट चुकलेली भूक

बाळगुरूंच्या सभागृहाच्या दारातून निघालेली रांग पार कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जायची. प्रत्येक कडेवर एक मूल. आत स्टेजवर वजनकाटा मांडलेला असायचा. महिन्यापूर्वी येऊन गेलेली मुलं आधी त्यावर बसवायची आणि एक सेवक माइकवरून वाढ सांगायचा, "एक किलो चारशे." सगळं सभागृह हात जोडायचं. मुलांचे गाल खरंच गोल झालेले असत. घास बघून तोंड फिरवणारं पोर आता शेजारच्या मुलाच्या हातचं बिस्किट हिसकावायचं. हे मी स्वतः पाहिलंय. त्यात खोटं काहीच नव्हतं.

खोटं होतं ते बाळगुरूंचं स्पष्टीकरण. ते मुलाच्या बेंबीवर फुंकर घालत आणि आईला सांगत, "याची भूक वाट चुकलीय. इथे अडकून बसलीय. मी तिला हाक मारतो." मग एक पुडी देत. "रोज सकाळी चिमूटभर, मधातून. याला औषध म्हणू नका, तेज जातं. डॉक्टरला दाखवू नका, पावडर मुकी होते. आणि मधेच सोडू नका, भूक रुसते." थोडक्यात, भूक चुकायची, रुसायची, पावडर मुकी व्हायची, बोलायचे ते फक्त बाळगुरू.

मी सरकारी प्रयोगशाळेत औषधं आणि अन्नपदार्थ तपासते. आमच्याकडे त्यांचं नाव भूकमहाराज पडलं होतं. चहाच्या वेळी आम्ही त्यांची नक्कल करून हसायचो. पुडी माझ्याच भावाच्या घरी पोचलीय हे कळलं, तेव्हा हसू आटलं.

भाची दोन वर्षांची, सगळे तिला पिटुकली म्हणत. अंगाने बारीक, पण दिवसभर घर डोक्यावर घेणारी. मुलांच्या रुग्णालयात एक डॉक्टरबाई लहान मुलांच्या खाण्यावर संशोधन करत होत्या. वहिनीने त्यात भाग घेतला होता आणि तीन महिने पिटुकलीचा घासन् घास वहीत लिहिला होता. डॉक्टरबाईंनी ती वही समोर ठेवून तिला दाखवलं होतं : एका दिवशी दोन चमचे भात, दुसऱ्या दिवशी वाटीभर, वर केळं, पण दर आठवड्याची बेरीज जवळपास सारखीच. "काय द्यायचं आणि कधी, ते तुम्ही ठरवा," त्या म्हणाल्या होत्या. "किती खायचं ते तिला ठरवू द्या. ती वाढतेय, खेळतेय. तिला काहीही झालेलं नाही."

"मग तू पुडी कशाला आणलीस?" मी वहिनीला विचारलं.

"वही डॉक्टरबाईंनी वाचली गं, लोक ती वाचत नाहीत," वहिनी म्हणाली. "जिन्यात भेटेल तो विचारतो, हिला उपाशी ठेवतेस का. सासूबाई विचारतात, तुझा दादा विचारतो. आता कुणी विचारत नाही."

खरंच, विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. सहा आठवड्यांत पिटुकलीचा चेहरा चंद्रासारखा वाटोळा झाला होता. पण गालांवर बारीक लव आली होती, पोट फुगलं होतं, आणि ती पूर्वीसारखी धावत नव्हती. बसल्या जागी खायला मागायची, नाही दिलं की रडायची. मी चिमूटभर पावडर कागदात बांधून घेतली.

"हा नमुना नव्हे, चिमूट आहे," आमचे साहेब म्हणाले. "सील नाही, निरीक्षकाची सही नाही. याचा अहवाल निघणार नाही."

"अहवाल नको, साहेब. उत्तर हवंय."

ते कपाटाची किल्ली टेबलावर ठेवून जेवायला गेले.

मी पावडर विरघळवून तिचा थेंब लेप दिलेल्या काचपट्टीवर लावला, शेजारी कपाटातल्या, मला संशय होता त्या औषधाचा. पट्टी द्रावकात उभी केली; तो थेंबांना घेऊन वर चढला. दिव्याखाली पाहिलं तर दोन्ही ठिपके एकाच उंचीवर थांबले होते. मोठ्या यंत्रानेही तेच सांगितलं. तांदळाच्या पिठात भरडलेलं डेक्सामेथासोन, एक जोरदार स्टेरॉइड. त्याने भूक खवळते, अंगात पाणी साचतं, चेहरा सुजतो. काट्यावर दिसायची ती वाढ बरीचशी ही सूज होती.

मी तिथूनच वहिनीला फोन केला. "आजपासून कणभरही देऊ नकोस." तिने पुडी मोरीत ओतली. कुठल्याही डॉक्टरला विचारावं असं मला सुचलं नाही. मला रसायन कळत होतं, मूल कळत नव्हतं.

चौथ्या दिवशी पिटुकलीला साधा ताप आला. दुपारी उलट्या झाल्या आणि संध्याकाळपर्यंत तिची मान कलली. रुग्णालयात डॉक्टरबाईंनी तिचे गार हात चाचपले, वाटोळा चेहरा पाहिला आणि पहिलाच प्रश्न केला, "काय बंद केलंत?"

सगळं ऐकून त्यांनी आधी इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं. मग मला बाहेर नेऊन म्हणाल्या, "बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. ते हळूहळू कमी करायचं असतं, तेही आमच्या नजरेखाली. तुम्ही बरोबर शोधलंत. थांबवलंत चुकीचं."

तिसऱ्या दिवशी पिटुकलीने डोळे उघडले. ती वाचली, पण औषध सुटायला पुढे पाच महिने लागले. ती रुग्णालयात असतानाच वहिनीची शेजारीण भेटायला आली, खुर्चीत टेकली आणि सहज म्हणाली, "गुरूंनी सांगितलंच होतं, मधेच सोडू नका." दादाने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. माझ्याकडे उत्तर होतं; पण सलाइन लावलेल्या पोरीच्या उशाशी ते कुणाला ऐकवू?

मी रीतसर तक्रार केली. निरीक्षक एकोणीस दिवसांनी सभागृहात गेले. तोवर बातमी तिथे पोचली होती. सीलबंद नमुना आला तो माझ्याच टेबलावर. मी तो तीनदा तपासला. तांदळाचं पीठ आणि साखर, बाकी काही नाही. अहवालात मी लिहिलं : "कोणतेही औषधी द्रव्य आढळले नाही." आढळलं नव्हतंच. खाली सही केली.

आता तो अहवाल मोठा करून, चौकट लावून सभागृहाच्या दारात टांगलाय. रांगेतल्या बायका माझ्या सहीला हात लावून नमस्कार करतात आणि आत जातात. मी एकदा तिथे उभी राहून चार जणींना सांगून पाहिलं. त्यातली एक चौकटीकडे बोट दाखवून म्हणाली, "ताई, सरकारने तपासलंय."

म्हणून इथे लिहितेय. मूल खेळत असेल, वाढत असेल, तर त्याच्या भुकेवर विश्वास ठेवा. शंका असेल तर वजन डॉक्टरांकडे करून घ्या, जिन्यातल्या लोकांकडे नको. पंधरा दिवसांत गाल फुगवणाऱ्या पुडीत नेमकं काय आहे ते विचारा. सांगत नसतील तर घेऊ नका. आणि ती आधीच सुरू असेल तर घाबरून एकदम बंद करू नका. पुडी आणि मूल दोन्ही घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. लाज वाटली तरी जा.