लोकरीची माळ वाजते कशी?

रविवारी चर्च सुटलं आणि अख्खं दुदोवात्स गाव स्रेदोयेच्या अंगणात लोटलं. कोणी कुंपणावर चढलं होतं, कोणी कोंबड्यांच्या खुराड्यावर. मधोमध शेडचं दार सताड उघडं, आत सव्वीस वर्षं मेलेला ट्रॅक्टर, आणि ट्रॅक्टरसमोर हात आभाळाकडे करून वेलिझारबाबा.

"डोळे मिटा सगळ्यांनी!" तो ओरडला. "लोखंडालाही लाज असते. इतक्या नजरांसमोर ते हलेल कसं?"

सगळ्यांनी डोळे मिटले. मी नाही मिटले. सरकारी शेतीसंस्थेच्या वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं लेथ चालवला आहे. यंत्रासमोर डोळे मिटणाऱ्या बाईची बोटं शाबूत राहत नाहीत.

बाबाने गर्दीतून स्तानिया आजीला पुढे आणलं. आजीचं वय एक्याण्णव, पाव कापायलाही तिला नातसून लागते. तिचा हात त्याने ट्रॅक्टरच्या बाजूच्या भल्यामोठ्या फ्लायव्हीलवर ठेवला. "ढकल, आजी. जोर बोटात नको, मनात हवा."

आजीने ढकललं आणि चाक फिरलं. आधी वीतभर, मग अर्धा फेरा. स्रेदोये मातीत गुडघ्यांवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. बायकांनी छातीवर क्रूस काढले, कुणाची तरी टोपी हवेत उडाली.

मग स्रेदोयेने डोळे पुसून इंजिनाच्या डोक्याखाली फुरफुरणारा दिवा लावला. या जातीच्या ट्रॅक्टरला सिलिंडर एकच असतो आणि सुरू करायच्या आधी त्याचं डोकं लालभडक तापवावं लागतं. पंधरा मिनिटांनी त्याने स्टिअरिंग उपसून हँडलसारखं फ्लायव्हीलमध्ये खुपसलं आणि जीव खाऊन हिसडा दिला. डग्... डग्... डग्डग्डग्! पायाखालची जमीन हलायला लागली. धुराड्यातून पांढराशुभ्र, दाट धूर निघाला आणि अंगणभर पसरला.

"बघा! सव्वीस वर्षं अडवून बसलेलं बाहेर पडलं!" बाबा म्हणाला.

खरं सांगते, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. सहा महिने मी आणि स्रेदोये या यंत्रापायी हाडांची काडं करत होतो. पण डोळे भरले म्हणून नाक बंद होत नाही. तो धूर डिझेलचा नव्हता. ग्रीस जळल्याचा वास मी झोपेतही ओळखेन, आणि आम्ही त्या सिलिंडरमध्ये ग्रीसचं बोटसुद्धा लावलं नव्हतं.

तेवढ्यात स्रेदोयेची बायको कोसारा स्टुलावरून उठली. तिच्या डाव्या पायातली रक्तवाहिनी तुंबली होती. बोटं काळीनिळी पडली होती आणि ती तुंबलेली जागा मोकळी करायला शहरातल्या हॉस्पिटलात गुरुवारची तारीख मिळाली होती.

"मी गुरुवारी जात नाही," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "ज्यांनी सव्वीस वर्षांचं लोखंड सोडवलं, ते माझं रक्त सोडवतील. बाबा बुधवारी दुपारी पायाला तेल लावणार आहेत."

गाव धन्य धन्य म्हणत होतं. मी मात्र दिवस मोजले. गुरुवारला चारच उरले होते.

हा ट्रॅक्टर स्रेदोयेच्या वडिलांचा. ओब्रादतात्या रोज संध्याकाळी इंजिन बंद केलं की धुराड्यावर टोमॅटोचा रिकामा डबा पालथा घालायचे, पाऊस आत जाऊ नये म्हणून. एका वसंतात तात्या शेतातून आले, ट्रॅक्टर अंगणात उभा केला आणि बाकावर बसल्या बसल्या गेले. त्या दिवशी डबा घालायचा राहिला. आमच्याकडे माणूस गेला की चाळीस दिवस त्याच्या वस्तूला हात लावत नाहीत; त्याची काठी, त्याचा पेला, सगळं जागच्या जागी. मग डब्याला तरी कोण हात लावणार? ते चाळीस दिवस पाऊस धो धो कोसळला. दुखवटा उठला तेव्हा पिस्टन सिलिंडरला गंजून चिकटला होता, तो असा की बैलजोडी लावूनही हलेना. शेवटी तसाच ढकलत शेडमध्ये लोटला.

गेल्या शरदात स्रेदोये माझ्याकडे आला. "रादोयकाताई, मरायच्या आधी एकदा तात्यांचा ट्रॅक्टर ऐकायचाय." एवढ्या वाक्यावर मी हो म्हणाले, आणि मग पुढचे सहा महिने त्याला आणि स्वतःला शिव्या घातल्या. डिझेलचा पंप खोलला तर स्प्रिंगचा भुगा. बेअरिंग मिळेना, तेव्हा ते मी घरच्या लेथवर कातलं, आणि केसभर चुकलं म्हणून पुन्हा कातलं. रेडिएटरमध्ये उंदरांनी तीन पिढ्या काढलेल्या. एक बोल्ट तुटला तर स्रेदोये दोन दिवस जेवला नाही. तरी एकेक करत सगळं जमलं, पिस्टन सोडून. रोज त्यात रॉकेल आणि तेल ओतायचं, लाकडाचा ठोकळा ठेवून ठोकायचं आणि उद्या बघू म्हणून घरी जायचं. तो उद्या काही येईना.

आला तो वेलिझारबाबा. जुनाट व्हॅन, काळा अंगरखा, पांढरी दाढी. शेडमध्ये शिरून त्याने फ्लायव्हीलला कान लावला आणि विचारलं, "तुझं वडिलांशी शेवटचं बोलणं भांडणाचं झालं होतं ना?" कुठल्या मुलाचं वडिलांशी भांडण झालेलं नसतं! पण स्रेदोये पांढराफटक पडला. तात्या गेले त्या सकाळीच तो त्यांना म्हणाला होता, "घाला तुमचा ट्रॅक्टर खड्ड्यात."

"म्हणून त्यांनी तो धरून ठेवलाय," बाबा म्हणाला. "तीन दिवस मी आत एकटा बसेन. दार बंद. कोणी डोकावलं तर माझी जबाबदारी नाही."

तीन दिवस दार बंद होतं. बाबाने आपली जड पेटी आत नेली. तिच्यात पवित्र तेल आहे म्हणे. बाहेर गाव कान लावून बसायचं. आतून प्रार्थनेची गुणगुण, आणि मधूनमधून टिक्... टिक्... टिक्. "जप चाललाय, माळ ओढतायत," बायका कुजबुजायच्या. कोसाराची खोली तर शेडला लागूनच. तिने पडल्या पडल्या तीन दिवस त्या टिक्‌टिक्‌वर स्वतःचा जप केला.

रविवारी त्या धुराकडे बघता बघता माझी नजर बाबाच्या मनगटावर गेली. माळ होती. आमच्याकडे सगळ्यांच्या असतात तशीच, काळ्या लोकरीच्या गाठींची.

लोकरीची माळ वाजते कशी?

सोमवारी इंजिन गार असताना मी पाना घेऊन शेडमध्ये गेले. स्रेदोये शेजारीच हिरवा रंग ढवळत होता. मी धुराड्याचा वळलेला पाइप खोलला आणि आत हात घातला. मूठभर ग्रीस निघालं, हिरवट आणि अगदी ताजं.

"हे काय आहे?" मी मूठ त्याच्यासमोर धरली.

"तूच लावलं असशील."

"मी जन्मात पिवळ्याशिवाय ग्रीस वापरलं नाही. आणि हे बघ, डिझेल फवारणाऱ्या नॉझलच्या नटावर पान्याचे नवे चरे. हा नट मी हाताने आवळला होता, पाना लावलाच नव्हता. तुझ्या बाबाने नॉझल काढून त्या भोकात ग्रीसची पिचकारी, ग्रीसगन, जोडली. बंद जागेत ग्रीस कोंबलं की ते डोंगर हलवेल, पिस्टनची काय कथा! तो मोकळा झाला म्हणून आजीचा हात पुरला, आणि उरलेलं ग्रीस धुराड्यात गेलं. ती टिक्‌टिक् ग्रीसगनच्या दांड्याची होती."

"पुरे, ताई."

"सहा महिने रॉकेल पाजून आपणच तो अर्धा सोडवला होता. हा आला आयत्या बिळावर नागोबा!"

"पुरे म्हटलं ना!" त्याने रंगाचा ब्रश आपटला. "तात्यांनी मला माफ केलंय. सव्वीस वर्षांनी! आणि तू ग्रीस दाखवतेस मला?"

मी मूठ मागे घेतली. या माणसाच्या हातून काय हिसकावून घ्यावं लागणार आहे, ते मला तेव्हा कळलं. पण पलीकडच्या खोलीत कोसारा होती, आणि तिची बोटं दिवसागणिक काळी पडत होती.

आणखी एक कबूल करते, मला स्वतःचाही राग आला होता. ही युक्ती मला का सुचली नाही? वेलिझार मिस्तरी म्हणून आला असता तर मी त्याला ताटावर बसवून जेवू घातलं असतं आणि दोन गोष्टी शिकले असते. इतकी चांगली विद्या अंगात असून माणसाला बाबा व्हायची दुर्बुद्धी का होते, देव जाणे.

बुधवारी दुपारी पुन्हा गर्दी. कोसारा अंगणात खाटेवर, पाय उघडा. बाबा बाटलीतून हातावर तेल घेत होता. "शरीर म्हणजे काय? मऊ लोखंड! शिरा म्हणजे काय? देवाने घातलेले पाइप!"

मी हातगाडी ढकलत मध्ये गेले. गाडीवर भंगारातल्या पाण्याच्या पंपाचा सिलिंडर होता, आत पिस्टन गंजून बसलेला. एका टोकाला बंद आणि तिथे एकच भोक.

"बाबा, आधी एवढं सोडवून द्या," मी म्हटलं. "पण इथेच, उन्हात, सगळ्यांचे डोळे उघडे ठेवून."

तो हसला. "भगिनी, देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची कशाला? तुमची घेते."

"दाराबाहेर असं होत नसतं."

"मग मी करते. मंत्र येत नाही, सातचा पाढा चालेल?"

थोडे हसले, बरेचसे चिडले. मी घरी कातलेलं, ग्रीसगन जोडायचं निपल त्या भोकात आवळलं, ग्रीसगन लावली आणि दांडा दाबू लागले. सात एके सात, टिक्. सात दुणे चौदा, टिक्. सातचा पाढा संपला, आठचा संपला. पिस्टन जागचा हलेना. घरी मी हे करून पाहिलं नव्हतं, कारण निपल तयार व्हायलाच सकाळ उजाडली होती. माझे दंड भरून आले.

"श्रद्धा नसलेल्या हाताचं लोखंड ऐकत नाही," बाबा गोड आवाजात म्हणाला. "बाजूला हो, बाई. आजारी बाईचा वेळ जातोय."

मी दांडा सोडला नाही. नऊचा पाढा अर्ध्यावर आला तेव्हा आत कर्र झालं. मग पिस्टन नखभर सरकला, बोटभर सरकला, आणि पिवळ्या ग्रीसच्या लोंढ्यासकट धप्पकन गाडीत पडला.

मागचे लोक पुढे सरकून गाडीत डोकावले.

"तोच आवाज," कोसारा म्हणाली. ती कोपरावर उठून बसली होती. "टिक्, टिक्. तीन दिवस मी तोच ऐकला. त्याच्यावर देवाचं नाव घेतलं." ती बाबाकडे वळली. तिचा आवाज चढला नाही. "तुमच्या माळेला तर गाठी आहेत, बाबा. लोकरीच्या. वाजवून दाखवा बरं."

बाबाने मनगट अंगरख्याच्या बाहीत ओढलं. "यंत्राची गोष्ट वेगळी, माणसाची वेगळी—"

"आत्ता तर सारखीच म्हणत होतात! मग माझ्या पायात ग्रीसगन कुठून लावणार होतात?"

पहिली हसली ती स्तानिया आजी. मग सगळं अंगण हसलं, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही, कारण लोकांचं लक्ष त्या काळ्या बोटांकडे गेलं. हा माणूस तिथे तेल चोळून निघून जाणार होता. कोणीतरी फाटक उघडून धरलं. वेलिझारने पेटी उचलली आणि मान खाली घालून व्हॅनकडे गेला. पेटी खडखडली. आत लोखंडी पाने होते.

गर्दी पांगल्यावर स्रेदोये माझ्याजवळ येऊन बसला. त्याने ग्रीसने माखलेला पिस्टन उचलून मांडीवर घेतला.

"म्हणजे तात्या रागावले नव्हते."

"मेलेलं माणूस रागावत नाही रे. धुराड्यावर डबा नव्हता आणि पाऊस पडला. एवढंच."

"म्हणजे माफही नाही केलं."

खोटं बोलणं सोपं होतं, जिभेवर आलंही होतं. "नाही," मी म्हटलं. "ते आता कोणीच करू शकत नाही. पण त्यांचा ट्रॅक्टर तू सहा महिने हातांची सालं काढून उभा केलास, ते खरं आहे. त्याला कोणा बाबाचा दाखला लागत नाही."

तो पुन्हा रडला. या वेळी मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

गुरुवारी कोसाराचं ऑपरेशन झालं. एक बोट गेलं, पाय राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेल चोळत आणखी आठवडा काढला असता तर गुडघ्यावरून कापावा लागला असता.

तेव्हा मंडळी, माझं सांगणं साधं आहे. कोणी अडलेलं काही चुटकीसरशी सोडवून दाखवलं, तर भारावून जायच्या आधी तोंड उघडा. दार का बंद होतं? पेटीत काय होतं? त्याच्या आधी तिथे कोण राबत होतं? खऱ्या कारागिराला असे प्रश्न आवडतात, तो हात पुसून समजावून सांगतो. चिडतो तो लबाड. आणि प्रश्न विचारल्याने पुण्य बुडतं असं कोणी म्हणालं, तर त्याला दुदोवात्सला कोसाराकडे पाठवा. फाटक उघडायला ती स्वतःच्या पायांनी चालत येईल.