बिबड्यांना रकाना नव्हता

"मन्हं लुगडं दे माय परत. दोन वरीस व्हयनात, हाई मशीनच पांघरी बठेल शे," सिंधुबाई दामिनीच्या कानाशी कुरकुरल्या.

"काकी, आज गप ऱ्हाय. पाहुनी येई ऱ्हायनी."

दामिनीनं मशीनवरचं लुगडं ओढलं, ओलं फडकं मारलं आणि समोर बिबड्यांची चळत मांडली. तळोद्याच्या या बचत गटाची ती सचिव. पुण्याच्या संस्थेकडे अर्ज करताना मालाच्या रकान्यात तिनं ‘पापड’ लिहिलं होतं. बिबडे म्हटलं तर तिकडे कोणाला कळणार? संस्थेनं अर्ज मन लावून वाचला आणि पापड लाटायचं मशीन धाडलं. पण बिबडे लाटतं कोण? ज्वारीचा घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या धोतरावर हातानं थापायचा. मशीननं तो घाटा एकदाच चाखला आणि दातखीळ बसल्यासारखं गप्प झालं.

गटाला हवं होतं ते वाळवणावर जाळीचं छप्पर. धूळ आणि कबुतरं मिळून निम्मा माल नासवत होती. त्या छपराचा अर्जही याच संस्थेकडे होता. खोट दाखवली तर छप्पर जाईल, म्हणून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

संस्थेची रुचिका आली. बिबडा मोडून म्हणाली, "काय सुंदर पापड!" मग तिनं कागद पसरला. त्यावर तीन तोंडं : हसरं, गप्प, रडकं. "मशीन कसं वाटलं, त्या तोंडावर खूण करा. अगदी खरं सांगा हं. वाईट बोललात तरी आम्हाला राग नाही."

"बेस शे!" सगळ्या एका सुरात. पाहुणीसाठी काढलेल्या कुंकवात बोटं बुडाली आणि हसऱ्या तोंडाला एवढं कुंकू लागलं, की त्याचं हसूच दिसेना.

"रडक्याला एकही नाही?"

"शुक्रवारना दिन रडकं तोंड कोन निवडस, माय?" सिंधुबाई म्हणाल्या. खसखस पिकली. रुचिकाही हसली, आणि पेन उघडून खूश होत म्हणाली,

"एवढं आवडलंय, तर छपराऐवजी दुसरं मशीनच मंजूर करा, असं लिहिते."

हसू जागच्या जागी थिजलं. कोणी डोक्यावरच्या पत्र्याकडे पाहिलं, कोणी पदराचं टोक पिळलं. सिंधुबाईंनी दामिनीला कोपरानं ढोसलं. दामिनीनं त्यांना ढोसलं. पेन कागदाला टेकलं, तसा दामिनीनं त्यावर हातच ठेवला.

"ताई, लिहू नका. आम्ही पापड करतच नाही."