हिरवा दिवा आणि ओला मोजा

जेवणाची सुट्टी संपली तरी लॉन्ड्रीतलं एकही यंत्र सुरू झालं नव्हतं. सगळे टेबलापुढे रांगेत उभे होते. टेबलामागे कपडे पोचवणारा गाडीवाला होता. त्याला सगळे प्रोफेसर म्हणत, कारण त्याला न येणारा विषय अजून कुणाला सापडला नव्हता. कुणाच्या तरी कोटाच्या खिशातून निघालेली पांढरी डबी त्याच्या हातात होती. खाली धातूचे दोन दात, वर एक दिवा आणि हिरव्या पानाचं चित्र. कंपनीचं नाव घासून गेलेलं. कुठल्यातरी प्रदर्शनात जाहिरातीसाठी फुकट वाटलेली वस्तू असावी.

"पान म्हणजे निसर्ग!" प्रोफेसर सांगत होता. "शरीरातल्या लहरी थेट पकडते ही. हिरवा म्हणजे ठणठणीत, लाल म्हणजे आतून पोखरलंय. डॉक्टर लोक हे दडवून ठेवतात, बरं का!"

हौदावर धुणाऱ्या बायकांना हिरवा लागला, इस्त्रीवाल्यांना लाल. लाल लागला की प्रोफेसर बाटलीतल्या अर्काचे चार थेंब तळहातावर चोळायचा, आणि दिवा हिरवा! लोकांनी त्याच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. बाटली अर्थातच फुकट नव्हती.

इस्त्रीवालीला चार दिवसांपूर्वीच लाल लागला होता. थेंब तिने घेतले नाहीत, पण घरी जाऊन दोनदा नाडी मात्र मोजली. खरी काळजी तिला वहिनीची होती. वहिनी हौदावर कामाला. तिला त्याच दिवशी हिरवा दिवा लागला, आणि तेव्हापासून तिने साखरेचं इंजेक्शनच बंद केलं होतं. आज ती भिंतीला टेकून उभी होती. ओठ सुकलेले, श्वास जोरजोरात चाललेला, सकाळपासून दोन उलट्या.

"वहिनी, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल."

"काही नाही गं. आत्ताच परत हिरवा लागलाय. तुला लाल लागला म्हणून माझ्यावर का जळतेस?"

इस्त्रीवालीला ते झोंबलं. तरी तिने वहिनीचा हात सोडला नाही. हात ओला होता, बोटं पाण्याने सुरकुतलेली. तिचा स्वतःचा हात इस्त्रीच्या धगीने कोरडा ठक्क. हौदावरच्या सगळ्या निरोगी आणि इस्त्रीवरचे सगळे आजारी, असं कसं होईल? आणि ते थेंब, तेही ओलेच की!

तिने टोपलीतला एक ओला मोजा उचलला आणि डबीच्या दातांवर दाबला. हिरवा.

"घ्या! या मोज्याची तब्येत फर्स्ट क्लास आहे."

कुणीतरी खुदकन हसलं. प्रोफेसर डगमगला नाही. "घालणाऱ्याच्या लहरी उतरतात मोज्यात!"

इस्त्रीवालीने इस्त्रीखालचा गरम टॉवेल आणला, वहिनीचा तळहात त्यात गुंडाळून कोरडा केला आणि डबीवर ठेवला. लाल.

वहिनी पांढरीफटक पडली. "म्हणजे मी आजारी आहे?"

"आहेस. पण ते या डबीला ठाऊक नाही. हिला फक्त ओलं आणि कोरडं कळतं."

काउंटरवरच्या कुंडीतलं रोप आठवडाभर तहानलेलं होतं. इस्त्रीवालीने डबीचे दात मातीत खुपसले. लाल. वर पेलाभर पाणी ओतलं. हिरवा. एवढंच काम होतं त्या डबीचं! रोपाला पाणी हवं की नको, तेवढं सांगायचं.

रांगेतल्या लोकांनी प्रोफेसरकडे पाहिलं. तो बाटली खिशात कोंबत होता.

"नंतर पळ," इस्त्रीवाली म्हणाली. "आधी गाडी काढ. हिला दवाखान्यात न्यायचंय."

त्याने गाडी काढली. वाटेत वहिनीची शुद्ध हरपू लागली, तशी इस्त्रीवाली तिचे गाल थोपटत राहिली आणि रडत राहिली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लगेच सलाईन आणि इंजेक्शन सुरू केलं. "उद्यापर्यंत थांबला असतात, तर माझ्या हातात काही उरलं नसतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नर्स साखर तपासायला आली. तिने बोट टोचून रक्ताचा थेंब छोट्या यंत्राला लावला. वहिनीला धड उठून बसवत नव्हतं, तरी तिने नर्सचा हात धरला.

"सिस्टर, हे नक्की काय मोजतं? आणि कसं?"

नर्सने समजावून सांगितलं. वहिनीने ऐकून घेतलं, मगच हात सोडला. हा प्रश्न तिने पाच दिवस आधी विचारला असता, तर ही खाट तिच्या नशिबी आली नसती. तुमच्यापुढे कुणी दिवा लावला, तर तो हिरवा की लाल हे मागाहून बघा. आधी विचारा, तो लागतो कशाने?