विहिरीत उतरवलेला पंप

मी एक जुना पंप आहे, पेट्रोलच्या इंजिनावर चालणारा. मित्रांनो, तुम्ही झाडांना पाणी सोडता, तेव्हा ते खालून कुणीतरी ओढून आणलेलं असतं, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. म्हणून माझी हकिगत मीच सांगतो. ती गोड नाही.

कारखान्यात माझे भाग ओतले गेले, घासले गेले, मला निळा रंग चढला आणि मी दुकानात येऊन बसलो. तिथे एक दिवस शिंपीदादा आले. त्यांच्या घरी पुढच्या खोलीत शिवणयंत्र होतं आणि मागे लिंबाची, डाळिंबाची झाडं आणि विहीर. सोबत त्यांची बायको होती. त्यांचा धाकटा भाऊ तिला वहिनी म्हणे, म्हणून शेजारीही वहिनीच म्हणत.

"उन्हाळ्यात पाणी कुठवर जातं?" दुकानदाराने विचारलं.

"पार तळाला," वहिनी म्हणाल्या. "म्हणून म्हणते, पाण्यात सोडायचा विजेचा पंप घेऊ. वायर ओढावी लागेल, पण एकदाच."

"आणि वीज गेली की झाडांना काय गोष्टी सांगायच्या?" शिंपीदादा हसले. "हा बरा. दोरी ओढली की सुरू."

"पण काठावर बसून हा एवढं खोलचं पाणी ओढेल का?"

"पाणी खाली गेलं तर यालाच थोडा खाली उतरवायचा," दुकानदार म्हणाला. "सगळे तसंच करतात."

शिंपीदादांनी पैसे मोजले. मी घरी आलो.

सुरुवातीची वर्षं सुखाची गेली. विहीर भरलेली असायची. मी काठावर बसून धडधडत असे आणि पाणी आळ्यांमधून झुळझुळत जाई. शिंपीदादा कापड बेतता बेतता मागच्या दारात येत आणि म्हणत, "काय जोर आहे गड्याच्या अंगात!" धाकटा भाऊ बस चालवायचा, कामावरून आला की तो माझं तेल बघायचा, मला पुसायचा. दोघा भावांचा एकमेकांवर फार जीव होता.

मग एका वर्षी पाऊस दडी मारून बसला. विहिरीचं पाणी खाली खाली गेलं. मी नुसती हवा ओढू लागलो. झाडांनी माना टाकल्या. तेव्हा शिंपीदादांना दुकानदाराचं बोलणं आठवलं. दोघा भावांनी मला दोर बांधून विहिरीत उतरवलं आणि पाण्याच्या वरच्या दगडी कट्ट्यावर बसवलं.

शिंपीदादांनी मला सुरू केलं आणि ते वर गेले. पाणी आलं! वरून त्यांचा आनंदाचा ओरडा मला ऐकू आला. पण माझा धूर वर जात नव्हता. तो माझ्याभोवतीच कोंडत होता. थोड्या वेळाने मी घुसमटून बंद पडलो.

"थांबा, मीच बघून येतो," असं म्हणत शिंपीदादा पुन्हा खाली आले. मला सुरू करायच्या दोरीला त्यांनी हात घातला, आणि मग माझ्याशेजारी बसले, दमलेला माणूस बसतो तसे.

"पाय का जड झाले रे?" ते पुटपुटले. मग कलंडले आणि पाण्यात गेले.

"दादा!" वरून धाकट्याने पायरीवर पाय टाकला. वहिनींनी त्याला मागून कमरेला मिठी मारली.

"उतरू नका भावजी! खाली धूर कोंडलाय!"

"सोडा! तो बुडतोय!"

"दिसतंय मला! तुम्हीही जाल!"

त्याने त्यांना ढकललं, कोपर मारलं, शिव्या दिल्या. त्यांनी मिठी सोडली नाही. तशाच शेजाऱ्यांना ओरडून सांगत राहिल्या, "अग्निशामक दलाला बोलवा! कुणी खाली उतरू नका!" आणि नवऱ्याकडे बघत राहिल्या, तो दिसेनासा होईपर्यंत.

तोंडाला मुखवटे लावलेले जवान आले. त्यांनी शिंपीदादांना वर काढलं. प्राण गेलेला होता.

धाकटा वहिनींना एवढंच म्हणाला, "डोळ्यांदेखत माझा भाऊ गेला, आणि तुम्ही मला धरून ठेवलंत." त्याने सामान बांधलं आणि घर सोडलं. जवानांचा प्रमुख नंतर शेजाऱ्यांना म्हणाला, "या बाई नसत्या तर आम्ही दोन प्रेतं काढली असती." ते ऐकायला धाकटा तिथे नव्हता.

वहिनींनी पुढे विजेचा पंप बसवला. डाळिंबं जळून गेली होती, लिंबं तगली. मी कोपऱ्यात गंजत पडलो. भंगारवाला आला तेव्हा म्हणाला, "अजून चालेल हा. नीट करून कुणाला तरी देतो."

"नाही," वहिनी म्हणाल्या. "माझ्यासमोर फोडा आणि मगच न्या."

घणाचे घाव बसले, आणि मला त्यांचं म्हणणं पटलं.

मित्रांनो, पंप घेताना आधी विहिरीची खोली बघा. इंजिनाचा पंप कधीही विहिरीत उतरवू नका, त्याचा विषारी धूर तिथेच कोंडतो. खाली कुणी पडलं तर मागोमाग उडी घेऊ नका, मदत बोलवा. आणि अशा वेळी कुणी तुम्हाला काठावर घट्ट धरून ठेवलं, तर त्या हातांचा राग धरू नका.